बटाट्याला युरिया किती आणि कोणत्या दिवसापर्यंत? (खान्देशातली थंडी धरून सांगा)

अनेरकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

राम राम मंडळी. शिरपूर तालुक्यात अनेर नदीच्या अलीकडे माझं दीड एकर बटाट्याचं वावर आहे. मध्यम काळी जमीन, वाण कुफरी पुखराज. २७ ऑक्टोबरला लागवड केली, आज बावीसावा दिवस. उगवण छान आहे, चार-पाच दिवसांत भर लावायची (झाडाच्या बुंध्याला माती चढवायची) आहे.

गेल्या वर्षी माझं चुकलं. एकरी दोन गोण्या डीएपी आणि चार गोण्या युरिया गेला. एक लागवडीला, मग पंधराव्या, पस्तिसाव्या आणि पंचावन्नाव्या दिवशी एकेक. पाला मांडीपर्यंत आला. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काढणी केली तर बटाटा लिंबाएवढा ते अंड्याएवढा, आणि साल अशी कच्ची की गोणीत भरतानाच सोलून निघत होती. व्यापाऱ्याने गोणीत हात घातला, बाहेर काढला तर तळहाताला सालपटं चिकटलेली. भाव निम्म्यावर आला.

यंदा हिशोबाने करायचं ठरवलंय. भर लावताना युरिया किती टाकू, पुढचा हप्ता कधी आणि थांबू कधी? दुकानात विचारलं की तो जास्तच सांगतो, म्हणून इथे विचारतोय.

वाफसा | १८ नोव्हेंबर, रात्री ९.३४

आधी एवढं सांगा: मागचं पीक कोणतं? शेणखत किती? लागवडीला काय टाकलं? पाणी पाटाने की ठिबकने? गेल्या वर्षी लागवड कधी होती?

अनेरकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मागचं पीक मूग. शेंगा तोडून झाडं तिथेच वखरली. शेणखत एकरी चार ट्रॉली, चांगलं कुजलेलं. लागवडीला एकरी दोन गोण्या १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाशचं मिश्रखत) आणि २५ किलो पोटॅश. युरिया अजून नाही. पाणी सरीने, विहिरीचं. गेल्या वर्षी बेणं उशिरा आलं, त्यामुळे लागवड नोव्हेंबर संपता संपता झाली.

नाना_पारोळेकर | १८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

माझे वडील सगळं खत लागवडीलाच द्यायचे. सरीत खत, त्यावर बेणं, वरून माती. पुन्हा वावरात गोणी नेलीच नाही. बटाटा यायचा. हे हप्ते-बिप्ते ठिबकवाल्यांनी आणले.

यावलची_सून | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नाना, तुमच्या वडिलांच्या काळी शेणखत गाड्यांनी पडायचं आणि युरिया मुठीने. आता उलटं झालंय.

खतावर बेणं ठेवण्याचा अनुभव मी घेतलाय. चार वर्षांपूर्वी मजुरांनी सरीत युरिया टाकला आणि त्यावर थेट बटाट्याच्या फोडी ठेवल्या. मी तेव्हा घरात होते, सासूबाईंच्या आजारपणात. अठरा दिवस झाले तरी जागोजागी तुटाळ, बेणं उगवलंच नव्हतं. खुरप्याने उकरलं तर कोंबाची टोकं तपकिरी होऊन वाळलेली, आणि कापलेली बाजू बोटाने दाबली की आत जायची. वास यायचा. ज्या सरीत खत बाजूला पडलं होतं तिथे उगवण शाबूत. तेव्हापासून लागवडीचं खत बेण्याच्या चार बोटं बाजूला आणि थोडं खाली. युरिया तर बेण्याजवळ नाहीच.

मातीचा_माणूस | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

अनेरकाठ भाऊ, आपण कागद-पेन घेऊन बसू. मी धुळ्याकडचा, शेती शिकलो आणि शेतीच करतो.

आधी गेल्या वर्षीचं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन. ४५ किलोची गोणी म्हणजे २०.७ किलो. चार गोण्यांचं झालं जवळपास ८३ किलो. दोन गोण्या डीएपीतून १८ किलो. एकूण एकरी १०० किलो नत्र, म्हणजे हेक्टरी अडीचशे. आपल्याकडे बटाट्याला हेक्टरी १०० ते १५० किलो सांगतात, एकरी ४० ते ६०. तुम्ही दुपटीच्या आसपास गेलात.

पिकाला लागतं किती? एक टन बटाट्यामागे कंद आणि पाला धरून साधारण ४ ते ५ किलो नत्र उचललं जातं. एकरी ८० क्विंटल धरले तर ३२ ते ४० किलो. टाकलेलं सगळं पिकाला मिळत नाही, म्हणून थोडं वाढवून ५० धरू.

आता वजाबाकी. १०:२६:२६ च्या दोन गोण्यांतून १० किलो आलं. मुगाचा पाला आणि शेणखत मिळून या हंगामात मी १० धरतो. शेणखतात जास्त असतं, पण पहिल्या वर्षी त्याचा थोडाच भाग मोकळा होतो. राहिले ३०. म्हणजे एकरी दीड गोणी युरिया, बस्स.

वेळ: एक गोणी परवा-तेरवा भर लावताना. अर्धी चाळिसाव्या दिवसाच्या आत. त्यानंतर युरियाची गोणी घरी ठेवायची.

कारण असं. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास जमिनीखालच्या फांद्यांची टोकं फुगायला लागतात, तोच बटाटा. त्या वेळी नत्र फाजील असलं तर झाड म्हणतं अजून पालाच वाढवू, आणि कंद धरणं लांबतं. पंजाब-उत्तर प्रदेशात थंडी लांब असते, तिथे आठ-दहा दिवस लांबले तरी भागतं. आपल्याकडे खरी थंडी डिसेंबर-जानेवारी. फेब्रुवारी अर्धा सरला की दुपारी ऊन चटके देतं, रात्रीही उबदार होत जातात. कंद पोसायला थंड रात्र लागते, विशीच्या खालची. रात्र गरम झाली की पानांनी दिवसभर केलेलं झाड रात्री श्वासातच खर्च करतं. तुमचा पाला मार्चमध्ये हिरवागार होता तो याच भानगडीत. पाला जिवंत, बटाट्याला काही नाही.

अजून एक. आपल्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर. असल्या जमिनीत वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. म्हणून तो भरीखाली गाडायचा आणि त्याच दिवशी हलकं पाणी. पण सरी तुंबवायची नाही. काळ्या जमिनीत पाणी साचलं की नत्राचा वायू होतो, तोही गेलाच.

खान्देशी_पोरगा | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

वाचनखूण साठवली. 🙏

आप्पा_साक्री | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.४८

भाऊ, पाला दखीसन भुलू नका. बटाटा जमीनमा लागस, पालाले नही.

यावलची_सून | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

आप्पा, हे आमच्या घरच्यांना फोन करून सांगा. त्यांना वावर काळंभोर दिसल्याशिवाय झोप लागत नाही. 😄

शहादेकर | १९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मातीचा_माणूस दादांशी बऱ्याच अंशी सहमत, पण 'चाळीस दिवसांनंतर बंद' हे सगळ्यांना लागू नाही. माझी जमीन गोमाईकाठची, रेतीमिश्रित हलकी. एकदम गोणीभर टाकलं तर दोन पाण्यांत मुळांच्या खाली जातं. ठिबक आहे. पंधराव्या दिवसापासून दर पाच दिवसांनी थोडं थोडं सोडतो: सुरुवातीला १९:१९:१९, मग युरिया, मध्ये दोनदा कॅल्शियम नायट्रेट (ते वेगळ्या दिवशी, स्फुरद-गंधकाच्या खतात मिसळायचं नाही, टाकीत दही होतं), शेवटी १३:०:४५. नत्र पंचावन्नाव्या दिवसापर्यंत चालू असतं, एकूण एकरी ६० ते ६५. साल माझीही पक्की होते, कारण शेवटचे हप्ते अगदी चिमूटभर असतात आणि लागवड २५ ऑक्टोबरच्या आत उरकते.

मातीचा_माणूस | १९ नोव्हेंबर, दुपारी २.१०

हे मान्य. हलकी जमीन आणि ठिबक असेल तर तुमचंच बरोबर. मी काळी जमीन आणि सरीचं पाणी धरून लिहिलं होतं. काळी जमीन नत्र धरून ठेवते आणि पिकाला नको असतानाही देत राहते.

वाफसा | १९ नोव्हेंबर, दुपारी ३.००

सगळा दोष युरियाला देऊ नका. अनेरकाठ भाऊंची गेल्या वर्षीची लागवड नोव्हेंबरअखेरची होती. तीन महिने धरले तरी फेब्रुवारी संपतो. एकरी ५० किलोच नत्र टाकलं असतं तरी बटाटा लहानच राहिला असता. पहिली चूक तारखेची, दुसरी युरियाची.

अनेरकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

वाफसा दादा, पटलं. तेव्हा उशिराची भरपाई खताने करायला गेलो होतो.

गिरणाथडी | १९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

गोणीचाही घोळ ध्यानात घ्या. आमच्या काकांच्या वहीत 'एकरी तीन गोण्या' लिहिलंय ते ५० किलोच्या जमान्यातलं. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची आहे. गोण्यांनी नको, किलोने मोजा.

चोपडेकर_बापू | १९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

किलोने मोजू, पण गोणी मिळू तर द्या! गोणीची किंमत छापील २६६ रुपये ५० पैसे, आणि युरिया हवा असेल तर सोबत अडीचशेची बाटली घ्याच म्हणतात. परवा मी दोन गोण्यांसाठी असलं एक 'टॉनिक' घरी आणलंय. त्याच्यावर काय लिहिलंय ते दुकानदारालाही वाचता आलं नाही. एवढे पैसे माती परीक्षणाला लागले असते तर काही हाती तरी आलं असतं. युरिया स्वस्त म्हणून आपण जास्त ओततो आणि पोटॅश महाग म्हणून हात आखडतो. बटाट्याला तर पोटॅश नत्रापेक्षा जास्त लागतं.

गिरणाथडी | १९ नोव्हेंबर, रात्री १०.०५

बापू, शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

विहिरीच्या पाण्याचंही कुणी बोललं नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं केळी-कापसाला युरिया ओतला, तो झिरपून विहिरीत उतरलाय. मी पाणी तपासलं तर नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे, म्हणजे काठावरच. त्यात नुसतं नत्र लिटरला ९ मिलिग्रॅम, लाख लिटरला ९०० ग्रॅम. बटाट्याच्या हंगामात सरीने एकरी पंधरा लाख लिटर पाणी सहज जातं. झालं १३ किलो नत्र, अर्ध्या गोणीहून जास्त युरिया पाटातून फुकट येतोय. तेव्हापासून मी दुसऱ्या हप्त्यातून तेवढा कापतो. आणि आमच्या घरी तान्हं बाळ होतं तेव्हा त्याच्यासाठी प्यायचं पाणी दुसरीकडून आणायचो. ते खरं जास्त लागलं मनाला.

मातीचा_माणूस | १९ नोव्हेंबर, रात्री १०.३०

गिरणाथडी, हे मी माझ्या हिशोबात धरलंच नव्हतं. अनेरकाठ भाऊ, पाणी तपासून घ्या. तोवर दुसरा हप्ता अर्ध्या गोणीहून वर नको.

नाना_पारोळेकर | २० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

बटाटा खान्देशात करावाच का, हेही बोला. बाजारात इंदूरचा बटाटा सेंधव्याच्या घाटाने उतरतो तेव्हा आपला भाव पडतो. आणि आपली थाळी वांग्याच्या भरताची.

यावलची_सून | २० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

नाना, भरीत आमचंच, पण पोरांच्या डब्याला बटाट्याचीच भाजी लागते. शिवाय तीन महिन्यांत वावर मोकळं होतं, पुढे उन्हाळी मूग किंवा भुईमूग बसतो. केळी अठरा महिने अडकवते.

आप्पा_साक्री | २० नोव्हेंबर, सकाळी ८.१०

जुन्यांना आठवत असेल, 'कुफरी लवकर' नावाचं वाण होतं. नावच मराठी. आपल्या पठारी भागासाठी काढलेलं, लवकर येणारं. आता बेणं पंजाबातून येतं, जे ट्रकमध्ये असेल ते घ्यायचं. वाणाप्रमाणेही खत बदलतं. पुखराज लवकर पोसतो, त्याला नत्र आधी हवं. कुफरी ज्योतीला आठवडाभर इकडेतिकडे चालतं.

अनेरकाठ | २१ नोव्हेंबर, रात्री ८.००

आज भर लावली. एकरी एक गोणी, सरीच्या दोन्ही अंगांना, लगेच मातीखाली. संध्याकाळी हलकं पाणी. दुसरा हप्ता ५ डिसेंबरला देतो.

अनेरकाठ | १७ डिसेंबर, सकाळी ९.००

मंडळी, पुन्हा आलो. आज एक्कावन्नावा दिवस. ठरल्याप्रमाणे अर्धी गोणी देऊन झाली. पण खालची पानं पिवळी पडताहेत. शेजारच्या वावरात काळाभोर पाला आहे, त्याने काल चौथी गोणी टाकली. घरचे म्हणतात, तू पुस्तकं वाचून पीक उपाशी मारतोस. रात्री झोप नाही. अर्धी गोणी टाकून देऊ का?

वाफसा | १७ डिसेंबर, सकाळी ९.२०

टाकण्याआधी वावरात जा. पिवळं पान खालचं आहे की शेंड्याचं? शेंड्याचं पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाचा प्रश्न, चुनखडीच्या जमिनीत होतो, युरियाने जाणार नाही. खालचं अख्खं पान फिकट असेल तर नत्र. पानावर तपकिरी ठिपके आणि ठिपक्यात एकात एक कडी असतील तर करपा.

अनेरकाठ | १७ डिसेंबर, सकाळी ११.४०

जाऊन आलो. शेंडा हिरवा. खालची दोन-तीन पानं पिवळी, त्यातल्या निम्म्यांवर वाटाण्याएवढे तपकिरी डाग. उन्हात धरलं तर डागात कडी दिसतात, झाड कापल्यावर खोडात दिसतात तशी. एक झाड उपटलं: सात बटाटे, सगळ्यात मोठा कोंबडीच्या अंड्याएवढा.

मातीचा_माणूस | १७ डिसेंबर, दुपारी १२.१०

एक्कावन्नाव्या दिवशी सात बटाटे आणि अंड्याचा आकार, म्हणजे पीक उपाशी नाही. कंद ओढताहेत म्हणून खालची पानं आपला साठा वर देऊन पिवळी होताहेत. कडी असलेले डाग लवकर येणाऱ्या करप्याचे, त्यावर मॅन्कोझेबची फवारणी करा, पानाच्या खालच्या बाजूलाही पोचली पाहिजे. नत्र फार कमी पडलं तर हाच करपा वाढतो हेही खरं, म्हणून लक्ष ठेवा. शेंडा फिकट झाला तर सांगा.

शहादेकर | १७ डिसेंबर, दुपारी १.००

माझं मत थोडं वेगळं. अर्धी नको, पण एकरी दहा किलो दिला तर बिघडणार नाही. अजून पस्तीस दिवस पोसायचाय.

चिप्सचा_बटाटा | १७ डिसेंबर, दुपारी १.४५

मी कंपनीला चिप्ससाठी देतो, म्हणून सांगतो. उशिरा नत्र दिलं की बटाट्यात पाणी वाढतं आणि सुका गर कमी होतो. चिप्सला सुका गर २० टक्क्यांच्या वर लागतो. माझा एक ट्रक त्याच कारणाने परत आला, भाडंही अंगावर पडलं. भाजीचा बटाटा असला तरी पाणचट बटाटा टिकत नाही.

यावलची_सून | १७ डिसेंबर, दुपारी २.२०

भाऊ, सगळ्या वावरावर प्रयोग नको. चार सऱ्यांना टाका, शेजारच्या चारांना टाकू नका. खुंट्या ठोका. काढणीला वेगळं मोजा. घरच्यांनाही तेच दाखवा.

अनेरकाठ | १९ डिसेंबर, रात्री ७.३०

ताई, तसंच केलं. साठ मीटरच्या चार सऱ्या, एकरी अर्ध्या गोणीच्या प्रमाणात ८०० ग्रॅम युरिया, बायकोने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून दिला. लाल चिंधी बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. फवारणीही झाली.

चोपडेकर_बापू | १९ डिसेंबर, रात्री ८.१५

रानडुकरांना चिंधी वाचता येत नाही, कुंपणाचं बघा. 😄 आमच्या चार सऱ्या त्यांनीच मोजल्या होत्या.

अनेरकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री ९.००

काल काढणी झाली, उशीर झाला लिहायला. २२ जानेवारीला पाला कापला, पाणी त्याच्या आधी आठ दिवस बंद होतं. अकरा दिवस बटाटा जमिनीतच ठेवला.

दीड एकरात १३२ क्विंटल. लाल चिंधीवाल्या चार सऱ्या: ३ क्विंटल २६ किलो. शेजारच्या चार: ३ क्विंटल १२ किलो. म्हणजे उशिराच्या युरियाने वजन थोडं वाढलं, खोटं सांगणार नाही. पण चिंधीवाल्यांचा पाला कापतानाही हिरवा होता. अंगठ्याने साल चोळून बघितली तर त्यातल्या दहापैकी तीन-चार बटाट्यांची साल सरकली. बाकी वावरातल्या दहापैकी एखाद्याची. व्यापाऱ्याने तो ढीग वेगळा काढायला लावला आणि भाव कमी दिला. विहिरीच्या पाण्याचा अहवालही आला: नायट्रेट ३१.

शहादेकर | ३ फेब्रुवारी, रात्री ९.२५

अभिनंदन! १४ किलो वाढलेच की. मी म्हणत होतो दहा किलो द्या म्हणून. पाला अजून आठ दिवस उशिरा कापला असता तर सालही धरली असती.

मातीचा_माणूस | ३ फेब्रुवारी, रात्री ९.५०

आठ दिवसांनी ऊन किती असतं ते तुम्हालाच माहीत. आणि चार सऱ्यांत १४ किलोचा फरक जमिनीच्या उंच-सखलपणानेही पडतो. पुढच्या वर्षी तीन ठिकाणी करा, मग बोलू. नायट्रेट ३१ म्हणजे लाख लिटरला ७०० ग्रॅम नत्र, तेही वहीत लिहा.

यावलची_सून | ३ फेब्रुवारी, रात्री १०.१०

घरचे काय म्हणाले ते सांगा आधी.

अनेरकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री १०.३०

वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी दोन्ही ढिगांतला एकेक बटाटा खिशात घालून शेजाऱ्याच्या वावरावर गेले. त्याचा पाला अजून उभा आहे.